मोनिकाची कॉट

पंकजा ‘येते’ म्हणाली होती.

कागद नाही, सही नाही. नगरच्या एका कॉलेजचे कबड्डीचे सर, काकासाहेब, घोडेगावात घरी आले. हॉस्टेल फुकट, म्हणाले. तिच्या पोटऱ्या न्याहाळून म्हणाले, “चढाईचा पाय आहे.” तिचे वडील सूर्यभान गुरांच्या बाजारातले दलाल. त्यांनी सवयीनं सरांचा हात टॉवेलखाली घेतला, बोटं दाबली, सौदा पक्का. सगळे हसले.

तीसुद्धा.

मग ती हॉस्टेल बघायला गेली.

(हे तिला आठवायचं नसतं. तरी.)

कॉटवर मोनिका. गेल्या वर्षीची कॅप्टन. गुडघा सुजून मांडीएवढा झालेला. सर दारातूनच म्हणाले, “मोनिका, रविवारपर्यंत कॉट मोकळी कर. ही तुझ्या जागी.” आणि पंकजाच्या पाठीवर थाप. मोनिका उशीचा अभ्रा काढायला लागली.

“तिचं ऑपरेशन, सर?”

“ते तिच्या घरचे बघतील.”

पंकजाच्या तोंडात आंबट पाणी आलं. एसटीत. घरी. ताटावर.

“मी न्हाई जानार, आण्णा.”

“हात दिल्यावर मागं फिरलेला सूर्यभान बाजारात कुनी बघितला न्हाई.”

“हात तुमचा हुता. गुडगे माजे हायत.”

“शब्द तूबी दिलाय.”

“दिलाय. त्याचीच किळस येतीय. बैलाची खोड लपवली तर तुमी सौदा मोडता ना? मग?”

सूर्यभाननी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “फोन तुजा तू कर. मला त्यात घालू नको.”

तिनं केला. सर चिडलेसुद्धा नाहीत.

“ठीक. सोनईची आरती तयारच आहे. तुझ्यापेक्षा चपळ आहे. आणि बाळा, तुला आता कुठलं कॉलेज विचारतंय ते बघ. मी सांगेनच सगळ्यांना.”

म्हणजे खेळ संपला. तरी सुटल्यासारखं वाटलं. त्या कॉटवर आता दुसरी कुणी, आपण नाही. आणि हे वाटलं म्हणून पुन्हा तेच आंबट पाणी.

आरतीचा नंबर तालुक्याच्या कबड्डी ग्रुपवर होता. पंकजानं लावला.

“ताई, आत्ताच सरांचा फोन आल्ता. मी येते म्हनले.” मागं तिची आई कुणाला तरी पेढे आणायला पिटाळत होती.

“कॉट कुनाची हाय, विचारलंस?”

“कुनाची म्हंजे?”

“मोनिकाची.”

“कोन मोनिका?”

पंकजा उंबऱ्यावर बसली आणि सांगायला लागली, गुडघ्यापासून.