गोवर्धनशेठची आठ हजार पावलं

गोवर्धनशेठना साखर निघाली तेव्हा कामोठ्यातल्या त्यांच्या घराला सुतकी कळा आली. साखरेचं दुःख नव्हतं हो, दुःख भाताचं होतं. आगरी माणसाच्या पोटात दोन वेळा भात जायचा नसेल तर जगायचं तरी कशाला, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं होतं. शेवटी सीवूड्सला राहणाऱ्या मुलाने, प्रितेशने, तोडगा काढला. बापाच्या मनगटावर त्याने पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. रोज आठ हजार पावलं झाली तर वाटीभर भात, नाहीतर नाचणीची भाकरी. आकडे त्याला मोबाइलवर घरबसल्या दिसणार होते.

पहिल्या दिवशी शेठ उद्यानात कसेबसे सतराशे पावलं चालले आणि बाकावर बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी गुडघ्याने असहकार पुकारला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोकं लढवलं. घड्याळ काढलं आणि बायकोच्या, पुतळाबाईच्या हातात बांगड्यांच्या वर बांधून टाकलं. झोपतानासुद्धा काढायचं नाही आणि पोराला कळता कामा नये, एवढं बजावलं. पुतळाबाई हसली. नवऱ्याला भात मिळतोय ना, मग तिची काय तक्रार असणार?

संध्याकाळी आकडा बघून शेठ उडालेच. चौदा हजार! बाई तर दिवसभर घरातच होती. मग त्यांनी जरा आठवून पाहिलं. तीन मजल्यांचा जिना, भाडेकरूंच्या पाण्याच्या तक्रारी, गच्चीवरची सुकी मासळी, बाजार, नातवंडं. असेल बाबा, म्हणून त्यांनी विषय सोडला आणि चिंबोरीच्या कालवणात भात कालवला.

घरच्या ग्रुपवर प्रितेशने बापाचं तोंडभरून कौतुक केलं. भाऊबंद सल्ला विचारायला येऊ लागले. शेठ खुर्चीत रेलून त्यांना चालण्याचे फायदे सांगत. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पुतळाबाई प्रत्येकाला चहा देऊन जाई आणि त्याचीही पावलं शेठच्याच नावावर जमा होत.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी प्रितेश धापा टाकत घरी आला. पुतळाबाईने जिन्यात त्याचा आवाज ऐकला आणि घाईघाईने घड्याळ नवऱ्याच्या हातात चढवलं. मोबाइल सांगत होता की बाबा रोज जेमतेम चार तास झोपतात आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात. शेठ पेचात पडले. खरं बोलावं तर भात गेला, न बोलावं तर दवाखाना. शेठनी दवाखाना पत्करला. लाज वाटायला हवी होती, पण माणूस भातापुढे आंधळा झाला होता.

दवाखान्यात शेठच्या छातीला वायरी लावून झाल्या, ईसीजीची पट्टी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय उत्तम आहे, घड्याळं चुकतात कधीकधी. प्रितेशच्या जिवात जीव आला. पुतळाबाईने तिथल्या तिथे एकवीरा आईला हात जोडले. घड्याळ पावलांशिवाय आणखी काही मोजतं हे तिच्या गावीही नव्हतं; नवरा बरा व्हावा म्हणून तिने दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं, असं तिने आता सांगितलं. मग ती उठली, चार पावलं चालली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"काय होतंय गो?" शेठनी विचारलं.

"काय नाय. जरा दम लागतो. लय दिवस झालं, वय झायलं आता."

शेठ तिच्याकडे बघतच राहिले. घड्याळ चुकलं नव्हतं, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळलं होतं. गप्प राहिले असते तर अर्ध्या तासात घरी जाऊन जेवले असते.

"प्रितेश," ते म्हणाले, "घड्याळ बरोबर हाय. ते माज्या हातात नव्हतं. पाच आठवडं तुज्या आईच्या हातात होतं."

प्रितेशने बापाकडे बघितलंही नाही. आईला धरून त्याने खाटेवर निजवलं. पट्टी पुन्हा निघू लागली आणि या वेळी डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. आज इथेच राहावं लागेल, त्या म्हणाल्या.

पुतळाबाई वायरींसकट उठू लागली.

"अवो, मंग यांचा भात कोन टाकील?"

शेठनी तिचा खांदा धरून तिला परत निजवलं. चाळीस वर्षांच्या संसारात भाताला पाणी किती लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता तिला विचारायला तोंड उरलं नव्हतं.