चार पावलांची पट्टी

आजीची लेक गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"ये. ये, ठमे, ये."

ठमीने शिलाई मशीनला लागून असलेल्या खुर्चीचा पाय सोडला. एक. दोन. पोट पुढे काढून, हात पंखांसारखे उचलून तिसरं. चौथं पाऊल टाकलं आणि ती थांबली. आईचे हात अजून दोन पावलांवर होते. ठमीने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि फतकल मारून बसली.

"बघितलंस?" लेक वळली. "परत चारच."

आजीने मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला नाही. शाळेचे गणवेश सोमवारी द्यायचे होते आणि सतरा बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या.

"बसू दे गं. दमते बिचारी. आपण काय जन्मल्या जन्मल्या पळत सुटलो?"

"दमली तर कधी तीन टाकेल, कधी पाच. मी आठवडाभर लिहून ठेवतेय, आई. स्वयंपाकघरात चार. गच्चीवर चार. पाचवं एकदाही नाही."

लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. हिला शिंक आली तरी ही तिचा तक्ता करेल, अशी जावई चेष्टा करायचा. तो महिनाभर कामासाठी बाहेरगावी होता. काल फोनवर मात्र त्यानेही चेष्टा केली नव्हती.

"उद्या दहाची वेळ मिळालीय," लेक म्हणाली. "हाडांच्या डॉक्टरांची. कमरेचा एक्स-रे काढतील. स्वस्थ पडून राहिली नाही तर गुंगीचं औषध द्यावं लागेल म्हणाले."

सुई बाहीत अर्ध्यावर थांबली.

"एवढ्याशा जिवाला गुंगी?"

"मग काय करू? तूच सांग."

आजीने चाक हाताने फिरवून सुई वर घेतली. दोरा तोडायला कात्री समोरच होती, तरी तिने तो दातांनी तोडला.

मशीनच्या डाव्या खणात, रिळांच्या खाली, एक पट्टी होती. अस्तराचं कापड दुहेरी शिवून केलेली. कमरेभोवती यायच्या भागात काचू नये म्हणून कापूस भरलेला. एक टोक ठमीच्या कमरेला, दुसरं मशीनच्या लोखंडी पायाला. इस्त्रीच्या टेबलापाशी ठमी पोचणार नाही एवढीच लांबी तिने टेपने मोजून ठेवली होती. सकाळी लेक कामाला गेली की बांधायची, संध्याकाळी फाटक वाजलं की सोडायची. ठमी रडत नसे. चार पावलं जायची, पट्टी ताणली की बसायची आणि तिथेच रिकाम्या रिळांशी खेळायची. दोन महिन्यांत अंगावर एक ओरखडा नाही. आजीला त्याचा अभिमानसुद्धा वाटत होता.

ठमी उभी राहायला लागली तेव्हाच लेक म्हणाली होती, "मशीन आणि ही, दोन्ही तुला झेपायचं नाही. पाळणाघरात घालते." तेव्हा आजी ताडकन म्हणाली होती, "तुला वाढवलं तेव्हा कुठलं पाळणाघर होतं गं?" विषय मिटला होता. पण पाळणाघराचा कोरा अर्ज अजून फ्रिजच्या दारावर लटकत होता. जाता-येता आजीची नजर त्यावर पडायची.

आताही पडली.

लेक पिशवीत लंगोट भरत होती. लसीकरणाचं कार्ड, पाण्याची बाटली, एक जादा झबलं. ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी परीक्षेला जाताना ती अशीच दप्तर भरायची.

"डॉक्टरकडे नको नेऊस," आजी म्हणाली.

"का?"

आजीने खण ओढला. रिळं बाजूला सारली. पट्टी काढून तिने गणवेशांच्या ढिगावर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला.

लेकीने पट्टी उचलली. कापसाचा भाग अंगठ्याने दाबून पाहिला. मग दोन्ही टोकं धरून ताणली आणि फरशीवर अंथरली. मशीनच्या पायापासून सुरू होऊन ती बरोब्बर तिथे संपली जिथे ठमी बसली होती. ठमीने ओळखीचं खेळणं दिसावं तसं तिचं टोक उचलून पोटाशी धरलं.



"कधीपासून?"

"उभी राहायला लागली तेव्हापासून. इस्त्री तापलेली असते, कात्र्या असतात... मला डोळे दोनच आहेत गं."

"दोन महिने! आणि मी वही घेऊन तिच्यामागे फिरतेय. रात्र-रात्र डोळ्याला डोळा नाही माझ्या. तू रोज बघत होतीस!"

"बघत होते."

लेक खाली वाकली. पट्टी बांधायची जागा तिला पाहायची होती. मशीनच्या पायाचा काळा रंग एका जागी उडाला होता आणि उघड्या लोखंडावर गोल, गुळगुळीत खाच पडली होती. तिने खाचेत नख घातलं. नख आत गेलं.

"हे दोन महिन्यांचं नाही," ती म्हणाली.

आजी चष्मा पुसतच राहिली.

"आई, हे माझं आहे?"

"तुझ्या मनगटावरचा डाग आहे ना," आजी म्हणाली, "तो दुधाने भाजल्याचा नाही. दूध सांडलं असं मी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या बाबांनासुद्धा. इस्त्री होती. मी काजं करत होते, मान वर केली तोवर..." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "दुसऱ्या दिवशी पट्टी शिवली."

लेकीने बाही मागे सारून मनगट पाहिलं. जन्मभर पाहिलेलंच होतं ते.

"मला किती पावलांची होती?"

"सहा. तेव्हा खोली मोठी होती."

"आणि मी बसायचे अशी? गप?"

"तू कुठली बसतेस! ओढायचीस. दोनदा मशीन जाग्यावरून हललं होतं. ती खाच काय उगीच पडली?" आजीला जुनं आठवून हसू आलं, आणि मग ते ओठांवरच राहिलं. "ही शहाणी आहे. ओढत नाही."

"मला शहाणी नकोय, आई."

आजी उठली. इस्त्रीची पिन काढली, वायर गुंडाळली आणि अजून गरम असलेली इस्त्री स्टुलावर चढून कपाटावर ठेवली. दोन्ही कात्र्या तिथेच. गुडघे धरत ती फरशीवर लेकीच्या शेजारी बसली. पट्टी लेकीने केव्हाच काढून घेतली होती.

ठमी हात टेकून उठली. दोघींकडे पाहिलं आणि नेमकी पाठ फिरवली. समोर टेबल होतं, टेबलाच्या कडेवरून गणवेशाची एक बाही लोंबत होती.

एक. दोन. तीन. चार.

ती थांबली. पोटाकडे पाहिलं. झबलं हाताने चाचपलं. तिथे काहीच नव्हतं.

पाचवं पाऊल वाकडं पडलं. ती एका बाजूला झुकली. आजीचा हात आपसूक पुढे झाला, आणि तो वाटेतच लेकीने पकडला. घट्ट. मनगटावरचा डाग आजीच्या डोळ्यांसमोर होता.

"पडेल गं..."

"पडू दे."

ठमी पडली नाही.

"सहा," लेक पुटपुटली.

ठमीने बाहीकडे हात लांबवला.

"सात."

लेकीने हात सोडला नाही.