अठरा अंशांची अट

न्यूझीलंडमध्ये एप्रिल म्हणजे हिवाळ्याची चाहूल. तो लागला की डुनेडिनमधले भाडेकरू थंडी अडवायला खिडक्यांना प्लास्टिक लावतात. पारदर्शक कागद चौकटीला चिकटवायचा, वरून हेअर ड्रायर फिरवायचा, की तो तबल्याच्या पुडीसारखा ताणून बसतो. आमच्या रस्त्यावर हे काम लॅक्लन मॅकअस्किलइतकं मन लावून कोणी करत नाही. तो निवृत्त सुतारकाम शिक्षक. टेकडीच्या सावलीतल्या बाजूला त्याचं भाड्याचं लाकडी घर आहे.

या वर्षी त्याने दारांखाली वाळू भरलेल्या कापडी गुंडाळ्या टाकल्या, बंद धुराड्यात मेंढीचं कातडं कोंबलं आणि फळ्यांमधल्या फटी लोकरीच्या धाग्यांनी बुजवल्या. हे सगळं खोकत खोकत. मागच्या हिवाळ्यात छातीत कफ साठून तो दोनदा हॉस्पिटलात गेला होता. तिसऱ्यांदा गेला तर परत येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, इसोबेलला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला घरात हीट पंप, म्हणजे घर गरम ठेवणारं विजेचं यंत्र, हवा होता.

घरमालक बेव्हन. "हॉलमध्ये अठरा अंशांच्या खाली पारा असेल तर बसवतो," असं तो फोनवर म्हणाला होता, आणि शनिवारी स्वतः थर्मामीटर घेऊन येणार होता.

शनिवारी सकाळपासून इसोबेलने छोटा हीटरसुद्धा लावू दिला नाही.

"गारठून मरेन मी," लॅक्लन म्हणाला.

"आजचा दिवस गारठ. पुढची दहा वर्षं जगशील."

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण पाहुणा यायचा आणि टेबलावर गरम स्कोन, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले छोटे गोल पाव, नाहीत, हे इसोबेलच्या घराण्यात कधी झालेलं नव्हतं. तिने नकळत पीठ मळलं, चीज किसून घातलं, ओव्हन लावला. स्वयंपाकघराला हॉलकडे दार नाही, नुसती कमान आहे. स्कोन फुलून आले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला घाम आलाय. तेवढ्यात बेल वाजली.

बेव्हन आत आला आणि आधी त्याने जाकीट काढलं.

"वा सर, काय उबदार आहे हो इथे!"

पंचवीस वर्षांपूर्वी तो लॅक्लनच्या वर्गात होता. त्याने केलेलं स्टूल कधी चार पायांवर उभं राहिलं नाही. आता गावात त्याची सहा घरं आहेत.

थर्मामीटरने वीस दाखवले. इसोबेलने स्कोनची थाळी जरा जोरातच टेबलावर ठेवली.

"ओव्हन चालू होता म्हणून," ती म्हणाली.

"ओव्हन कसला!" लॅक्लन दुखावला. "ही माझी कारागिरी आहे. बाहेरची झुळूकसुद्धा आत येत नाही."

"मग हीट पंप कशाला हवाय?" लोणी लावता लावता बेव्हनने विचारलं.

"तेच मी हिला सांगतोय."

इसोबेलने नवऱ्याकडे पाहिलं. ओरडावं असं तिला वाटलं असणार. पण ती गोड आवाजात म्हणाली, "लॅक्लन, नुसतं सांगून बेव्हनला काय कळणार? वर्गात तरी कळायचं का? काढून दाखव ना. आधी घर कसं होतं, मग तू काय केलंस."

सुताराला एवढं पुरे होतं. लॅक्लनने दाराखालची गुंडाळी ओढली. "पाय ठेव इथे. लागतो वारा?" लागत होता. मग धुराड्यातलं कातडं निघालं आणि काजळीसकट गार हवा खाली आली. फटींतले धागे निघाले. शेवटी त्याने हॉलमधल्या सगळ्या खिडक्यांचं प्लास्टिक सोलून काढलं, तेव्हा त्याचा चेहरा जखमेवरची पट्टी ओढल्यासारखा झाला. त्या दिवशी दक्षिण ध्रुवाकडचा बोचरा वारा सुटलेला होता. पडदे बंद खिडकीतही हलू लागले.

बेव्हनने जाकीट घातलं. मग चेन वर ओढली.

"आता बघ बरं तुझं यंत्र," इसोबेल म्हणाली.

चौदा.

"हे काही खरं नाही, काकू. तुम्ही सगळं उघडून टाकलंत."

"काय उघडलं?" लॅक्लनचा आवाज वर्गातला झाला. "दारं बंद आहेत. खिडक्या बंद आहेत. मी फक्त माझं सामान काढलंय, बेव्हन. उरलं ते तुझं घर आहे."

एवढं बोलून तो खोकायला लागला. खोकला बराच वेळ थांबला नाही. इसोबेल त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. बेव्हनकडे तिने पाहिलंही नाही.

"बसवतो," बेव्हन हळूच म्हणाला. त्याने तिथूनच इलेक्ट्रिशियनला फोन लावला. जुलैशिवाय जमणार नव्हतं.

"जुलैपर्यंत हे सगळं परत लावावं लागेल," इसोबेल म्हणाली. "आणि याला आता वाकवत नाही."

बेव्हन जमिनीवर बसला. लॅक्लन खुर्चीत, अंगावर घोंगडी, हातात चहा.

"धागा दाबून भर. कोंबू नकोस."

"हो सर."

"तिथे सुरकुती राहिली. काढ आणि परत लाव."

दुसऱ्या खिडकीपर्यंत बेव्हनची बोटं निळी पडली होती. तिसऱ्या सुरकुतीला तो उठला, पोर्चमध्ये गेला आणि फोनवर बराच वेळ कोणाची तरी विनवणी करत राहिला.

"गुरुवारी येतोय तो," आत येऊन त्याने सांगितलं. "या गुरुवारी."

इसोबेलने डोळे पुसले आणि त्याच्या पुढ्यात आणखी दोन स्कोन ठेवले.

लॅक्लन मात्र प्लास्टिक अर्धवट लागलेल्या खिडकीकडे बघत होता. "एवढी काय घाई होती?" तो म्हणाला. "आत्ता कुठे पोराचा हात बसत होता."