चिरेतला निळा रंग

मी एक जुना बांबू आहे, मित्रांनो. आहे कसला, होतो! आता नुसता एक तुकडा उरलोय.

बेटात आम्ही भाऊ एकमेकांना खेटून वाढलो. सगळ्यांत उंच मी, त्यामुळे जरा शेफारलेलाच. चार वर्षांचा झालो तेव्हा मुकादम आला. इमारतींना परांची बांधणं हे त्याचं काम. माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "हा गडी पक्का! याच्यावर मी माझ्या घरच्या माणसालाही उभं करीन." मी हरखून गेलो. तिथेच फसलो.

सात वर्षं त्याच्यासाठी राबलो. किती गवंडी, किती रंगारी अंगाखांद्यावर वागवले, पण एकालाही खरचटू दिलं नाही. गेल्या वर्षी एका शाळेला निळा रंग देताना माझ्या मधल्या पेराला चीर गेली. चिरलेला बांबू बाजूला टाकायचा, हा नियम मुकादमाचाच. पण काम उरकायची घाई होती. त्यानं चीर भिंतीकडे फिरवली, काथ्या करकचून आवळला आणि म्हणाला, "चालतंय की!" वरून ओघळलेला रंग त्या चिरेत मुरला.

गेल्या महिन्यात त्यानं मला तिसऱ्या मजल्याला आडवा बांधला. वर चढला त्याचा रंगारी जावई. मी जिवाच्या आकांतानं करकरलो.

"मामा, हा बांबू कुरकुरतोय हो!" जावई वरून ओरडला.

"म्हातारा झालाय, कुरकुरणारच. तू हात चालव!"

आणि मी मोडलो. जावई खालच्या फळीवर आपटला. जीव वाचला, पण रंग द्यायचा हात मोडला.

गर्दी जमली तसा मुकादम कपाळ बडवून म्हणाला, "मेल्या बांबूनं दगा दिला!" मी दगा दिला? मित्रांनो, मोडताना एवढं दुखलं नव्हतं.

संध्याकाळी त्याची मुलगी आली, त्या जावयाची बायको. तिनं माझ्या चिरेत नख घातलं.

"बाबा, इथली भिंत पिवळी आहे. मग यात त्या शाळेचा निळा रंग कसा?"

मुकादमानं चीर हातानं झाकली. "तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"उद्या अपघाताच्या चौकशीला साहेब येणार आहेत गं..." एवढंच पुटपुटून त्यानं करवत आणली. माझं ते पेर कापलं आणि तिच्यादेखत जाळून टाकलं.

मित्रांनो, थकलेल्याला वेळीच खाली उतरवा. तो कुरकुरला तर ऐका. आपल्या चुकीचं खापर त्याच्या माथी फोडू नका, त्याला तोंड नसतं. मुलगी तेव्हा पाठ फिरवून निघून गेली. ती बापाशी अजूनही बोलत नाही.