निम्मी किंमत

मास्तरिणीच्या माहेरी कुठल्याही वस्तूची खरी किंमत कुणी कुणाला सांगत नसे. वडील पैशाला इतके चिकट की घरात साधी छत्री आली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. म्हणून आईने एक युक्ती काढली होती, जे पडलं असेल त्याच्या निम्मं सांगायचं. वडिलांना ती चलाखी पहिल्या वर्षातच कळली असणार. ते निम्मा आकडा ऐकत, मनातल्या मनात दुप्पट करत आणि "बरं पडलं" म्हणून पेपरात डोकं घालत. पुढे दादा निम्मं सांगायला शिकला, त्याच्या मागून ही शिकली. चौघांनाही सगळं ठाऊक आणि चौघंही साळसूद. खोटं कुणीच बोलत नव्हतं म्हणा ना. त्या घरात नांदायचं तर बेचा पाढा तेवढा पक्का लागायचा.

आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा अर्ध्या जगापलीकडे, दूर पूर्वेकडच्या एका बंदराच्या शहरात, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डर होता. बावीस वर्षांत तो तीनदा आला आणि ही एकदाही गेली नाही. ही शाळा-दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. चाळीस-चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी नमुने मांडायचे, खडूने आखायचं आणि यंत्राने कापायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं त्या यंत्राची थरथर धरून तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. सगळे तिला मास्तरीण म्हणत. दादा मात्र अजूनही छटाक म्हणायचा, कारण जन्मली तेव्हा ती म्हणे तेवढीच होती.

वहिनीचा फोन आला तेव्हा मास्तरीण कपडे वाळत घालत होती. वहिनी शांतपणे बोलली. दादाला फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं होतं, डॉक्टरांनी तीन-चार महिने सांगितले होते. मास्तरीण "बरं" म्हणाली. उरलेले कपडे वाळत घातले, चिमटे लावले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेही नळ गळतोय अशा सुरात. आता हिला रडू कोसळेल म्हणून तो बिचारा दोन दिवस तिच्या मागेपुढे करत राहिला. रडू काही आलं नाही. तिला स्वतःलाच ते विचित्र वाटत होतं, पण विचित्र वाटण्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

मग तिने बेतायला घेतलं. कापड असो की प्रवास, तिची रीत एकच. नमुन्याचा तपकिरी कागद जेवणाच्या टेबलावर पसरून तिने त्यावर खडूने रस्ता आखला. इथून पहिलं विमान, तिथे उतरून दुसरं, मग तिसरं. तीन कंपन्यांची तीन तिकिटं वेगवेगळी घेतली तर एकत्र तिकिटापेक्षा स्वस्त पडत होती. मोठी बॅग टाळली तर आणखी स्वस्त. कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे ती दर दोन दिवसांनी जाई, भाव विचारी, मान हलवी आणि परत येई. शेवटी शेवटी तो तिला बघून खुर्चीतून उठेनासा झाला. कारखान्यातली इस्त्रीवाली म्हणाली की भाव मंगळवारी उतरतात, तेव्हापासून ती मंगळवारी दोनदा जायला लागली.

तिची मोजपट्टी पगाराची होती. सरळ एका विमानाने जायचं तर चार पगार. खडूने आखलेल्या रस्त्याने अडीच, आणि सुट्ट्यांचा हंगाम सरला की दीड. दादाशी फोनवर बोलणं व्हायचं तेही ह्याचंच. दुखणं कसं आहे, हे तिने विचारायचं आणि त्याने "आहे" म्हणायचं, की दोघंही हुश्श करून तिकिटाच्या भावाकडे वळायची. तो धाप लागत लागत बजावायचा की घाई करू नको, पहिल्या भावाला कधी हात लावायचा नसतो, थांबलं की उतरतो. तिलाही ते पटायचं. दोघंही एकाच आईची लेकरं, दुसरं काय पटणार?

चार आठवडे थांबल्यावर भाव खरोखरच दीड पगारावर आला. पुढे दहा दिवसांनी एक गुरुवार होता, तेव्हाची तिन्ही तिकिटं तिने काढली. परत न मिळणारी, न बदलणारी. एकूण छत्तीस तास, त्यातले अकरा मधल्या एका विमानतळावर नुसते बसून काढायचे. कापडात एवढी मोठी चिंधी उरली असती तर तिने नमुने उचलून पुन्हा मांडले असते. मग तिने हिशेब केला की अकरा तास तिथेच झोपलं तर एका रात्रीचं भाडं वाचतं, म्हणजे चिंधीचाही खिसा झाला. दादाला हे सांगितल्यावर तो हसला आणि बराच वेळ खोकला. तो किती खूश झाला हे ती नवऱ्याला दोनदा सांगत बसली. खोकल्याचं सांगितलं नाही.

गुरुवार तीन दिवसांवर असताना, सोमवारी दुपारी, वहिनीचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी तिचा आवाज शांत नव्हता. दादाला दवाखान्यात हलवलं होतं आणि डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नव्हते. "ताई, जमलं तर आजच निघा," ती म्हणाली. मागून दादा काहीतरी पुटपुटत होता. त्याने फोन मागून घेतला.

"गुरुवारचं आहे ना तुझं?"

"हो."

"मग गुरुवारीच नीघ. परत मिळत नाहीत ना ती तिकिटं? मी थांबतो तोवर. उगाच वाया घालवू नको."

"बरं," ती म्हणाली.

ती बरं म्हणाली, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. दादाने सांगितलं की ऐकायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. तो थांबतो म्हणाला की थांबायचा. शाळेच्या फाटकाशी थांबायचा, दातांच्या डॉक्टरच्या दाराशी थांबायचा, तिचं लग्न ठरेपर्यंत स्वतःचं थांबवून ठेवलं होतं. त्याच्या शब्दावर तिने फोन ठेवला आणि ती कामाला लागली. नवऱ्याने रात्री जेवताना विचारलं, सरळ विमानाचं बघायचं का? स्वतःचं छोटं दुकान टाकायला म्हणून दोघांनी काही बाजूला ठेवलं होतं, त्यातून होण्यासारखं होतं. ती म्हणाली, दादा थांबतो म्हणालाय. नवऱ्याने तिच्या पानात आणखी थोडा भात वाढला.

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या गणवेशाचं कापड लागलं होतं, फिकट निळं, एका बाजूने गुळगुळीत. मास्तरिणीने चाळीस थर अंथरले, हाताने सपाट केले, नमुने मांडले, आखलं, चिमटे लावले आणि यंत्र चालू केलं. बाह्या कापून झाल्या, गठ्ठे बांधायला घेतले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. बाहीचा नमुना दोनदा मांडायचा असतो, एकदा सरळ आणि एकदा उलटा करून, म्हणजे एक डावी होते, एक उजवी. तिने दोन्ही वेळा सरळच मांडला होता. समोर ऐंशी बाह्या पडल्या होत्या आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या होत्या.

नवशिक्या पोरीही ही चूक पहिल्या आठवड्यानंतर करत नाहीत. एकोणीस वर्षांत तिने वीतभर कापड कधी फुकट घालवलं नव्हतं. उरलेल्या तुकड्यांतून ती खिसे काढी, खिशांच्या तुकड्यांतून पट्ट्या, आणि मालक पाहुण्यांना तिची चिंध्यांची टोपली दाखवी, की बघा, किती कमी भरते. तोच मालक आता टेबलापाशी येऊन उभा राहिला. एक बाही उचलून पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला बिचाऱ्याला खरंच कळेना.

"मास्तरीण, एवढं कापड वाया?"

"जाऊ दे वाया," ती म्हणाली.

ते शब्द तिने ऐकले. असं वाक्य ह्या तोंडातून निघू शकतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या आईच्या तोंडून कधी निघालं नाही, वडिलांच्या तर नाहीच, आणि दादा मरायला टेकला तरी त्याच्या तोंडून निघत नव्हतं. तिने यंत्राची वायर काढली, एप्रन घडी करून बाह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि सुट्टी न मागता कारखान्याच्या बाहेर पडली.

तिकीटवाला तिला बघून नेहमीसारखा बसूनच राहिला. तिने आज संध्याकाळचं सरळ विमान मागितलं. त्याने भाव सांगितला, चार पगारांच्या आसपासच होता, आणि सवयीने मान हलण्याची वाट पाहत थांबला. तिने पिशवीतून कार्ड काढून पुढे ठेवलं.

"ताई, भाव नाही करणार?" त्याने घाबरून विचारलं.

ती नाही म्हणाली. त्यालाच काय वाटलं कोण जाणे, पण खिडकीची जागा त्याने जास्तीचं काही न घेता दिली. नवरा घरून पासपोर्ट आणि दोन कपडे घेऊन परस्पर विमानतळावर आला. दारातून आत जाताना त्याने तिचा हात दाबला. उजवा होता, तिला फारसं कळलं नाही.

चौदा तासांत ती पोचली. खिडकीतून काय दिसलं हे तिला आठवत नाही. बुधवारी दुपारी दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर वहिनीने दार उघडलं. पलंगावर दादा होता. तो इतका वाळला होता की छटाक हे नाव आता त्यालाच शोभलं असतं. नळी नाकाशी, डोळे मिटलेले. ती जवळ स्टूल ओढून बसली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पुन्हा तिला.

"आज बुधवार आहे," तो म्हणाला.

"हो."

तो थोडा वेळ दम घेत राहिला. मग त्याने विचारलं, "केवढ्याला पडलं?"

"दोन पगार," ती म्हणाली. असं उत्तर द्यायचं ठरवून ती आली नव्हती. ते आपोआप आलं, चप्पल काढून आत यावं तसं.

दादा छताकडे बघत होता. ओठ किंचित हलले. हिशेब करायलाही त्याला आता वेळ लागत होता.

"म्हणजे चार," तो म्हणाला. "छटाक, चार?"

"हो."

"महाग पडलो की गं."

"बरं पडलं," ती म्हणाली.

आणि मग तिला रडू आलं. सहा आठवड्यांचं साठलेलं, आवाजासकट आलं, वहिनी दाराबाहेरून धावत आली इतकं. दादाने हात तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला, तो मध्येच खाली पडला, मग तिनेच डोकं खाली नेलं.

गुरुवारी तो थोडा बरा होता. सकाळी म्हणाला, तुझं स्वस्तातलं विमान आता सुटत असेल. तिने घड्याळ बघून सांगितलं, सुटलं. तो हळहळला, अगदी मनापासून. त्याने शब्द मात्र पाळला, वर एक दिवस दिला. शुक्रवारी सकाळी साडेनऊला, वहिनी त्याचं तोंड पुसत असताना आणि मास्तरीण त्याचे पाय दाबत असताना, तो गेला. त्या वेळी ती कुठे असती हे तिला कागद न बघता कळलं. मधल्या विमानतळावर, अकरा तासांच्या खुर्चीत, बॅग उशाला घेऊन झोपलेली.

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. मालकाने पगारातून काही कापलं नव्हतं. डाव्या बाह्यांचे तुकडे करून त्याने त्यांच्या टोप्या करवून घेतल्या होत्या. कापडाचे थर तिची वाट बघत होते. रडूही पुन्हा कुठेतरी आत जाऊन बसलं होतं. दुपारच्या सुट्टीत इस्त्रीवाली डबा घेऊन शेजारी टेकली. आधी दादाबद्दल चार शब्द बोलली, मग थोडं घुटमळून तिने विचारलं की ऐनवेळचं तिकीट म्हणजे फारच पडलं असेल, केवढ्याला पडलं?

मास्तरिणीच्या जिभेवर दोन आलं होतं. पण समोरची इस्त्रीवाली दोन ऐकून दोनच समजली असती. आकडा दुप्पट करून घेणारं आता कुणी राहिलं नव्हतं.

"चार पगार," ती म्हणाली आणि तिने डबा उघडला.