घरी दिलेलं काम

नागावला नारळीच्या वाडीत चांगदेव राऊताचा सुंभाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक छप्पर. त्याखाली बसून बाया नारळाची भिजलेली सोडणं कुटत, काथ्या सोडवत, सुंभ वळत. बहुतेक विधवाच. त्यांत राही सगळ्यांत लहान. लग्न कशाशी खातात हे कळायच्या आतच तिचं कुंकू पुसलं गेलं होतं. छपराखाली मात्र ती खळखळून हसायची, आणि पगार स्वतःच्या पदराला बांधून घरी न्यायची.

हेच जातीच्या पंचांना खुपत होतं.

"चांगदेवा, रांडमुंड बाया चारचौघांत खिदळतान, ही काय रीत हाय?" पंचांतला धर्मा पाटील एके सकाळी म्हणाला. "काम घरोघर वाटून दे. छपराचा खर्च वाचंल, लोकांची तोंडंबी बंद व्हतील."

मुंबईचा व्यापारी भाव पाडत होता, छप्पर शाकारायला आलं होतं. चांगदेवाला सल्ला सोयीचा वाटला. बायांना त्यानं तसं सांगितलं, तेव्हा राहीनं धीर करून विचारलं, "दादा, मंग पैसा कोनाच्या हातान परंल?"

"घरातच येईल ना!" असं म्हणून तो पाठ फिरवून निघून गेला. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला पुरतं समजलं होतं.

छप्पर मोडलं. माल वेळेवर येऊ लागला, नफाही वाढला. पावसाळ्यानंतर माल गोळा करणारा गडी तापानं पडला, म्हणून चांगदेव स्वतःच दारोदार फिरला.

राहीच्या सासऱ्यानं, भागोजीनं, सुंभाची जुडी पुढं ठेवली. तिच्यावर काळपट डाग होते.

"राहीला बोलव. पगार तिलाच देतो."

राही गोठ्यातून आली. बोटांची सालटं निघाली होती. दोन बोटं सुजून काळी पडली होती. चांगदेवानं तिच्या तळहातावर पैसे ठेवले. तिनं मान खालीच ठेवून ते सासऱ्यापुढं ठेवले.

"मना नको दादा. मंग उपाशी ठेवतान."

"येडी हाय ती," भागोजी हसला.

चांगदेव जुडी खांद्यावर टाकून चालू लागला. अर्ध्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं, आपण माल तेवढा उचलून आणला.

ताटावर बसून त्यानं बायकोला सगळं सांगितलं. मनुबाईनं एवढंच विचारलं, "काम घरी दिलंत तवा हे तुमाला ठावक नव्हतं?"

"ठावक होतं," तो म्हणाला.

सकाळी तो पंचांपुढं उभा राहिला. "आजपासून घरी काम देनार न्हाय. छप्पर पुन्हा उभं करतो. पगार बाईच्याच हातात."

"वाळीत टाकू."

"टाका."

तिथून तो तडक भागोजीच्या दारी गेला. भागोजी दारात आडवा आला. पण राही त्याच्या बाजूनं उंबरा ओलांडून अंगणात आली.

"दादा, मना आता सुंभ वळाया येत न्हाय."

"आधी दवाखान्यात चल."

अलिबागच्या डॉक्टरांनी ती दोन बोटं काढून टाकली.

छप्पर उभं राहिलं. राऊताच्या घरचं विस्तव-पाणी बंद झालं, तरी एकेक करत बाया परतल्या. राही उरलेल्या बोटांनी काथ्या पिंजू लागली. कधी पुण्या-मुंबईचे सुधारक येत, चांगदेवाच्या धैर्याची तोंड भरून स्तुती करत. राही समोरच बसलेली असे. तिचे हात काथ्या पिंजत असत, आणि चांगदेवाला मान वर करता येत नसे.