पेन्शनीपुरता जोडीचा फोटो

मी एक जोडीचा फोटो. माझ्यात दोन माणसं आहेत आणि दोघंही एकमेकांवर चिडलेली आहेत. मी लग्नातला नव्हे हो. पेन्शनीच्या कागदाला चिकटवलेला.

माझा जन्म शहात्तर सालचा, सीताबर्डीतल्या एका स्टुडिओतला. मनोहरराव सरकारी कचेरीत बडेबाबू. अठ्ठावन्न पुरी होत आली, तशी कागदांसोबत नवराबायकोचा एकत्र फोटो मागितला गेला. आता आली पंचाईत. अडतीस वर्षं संसार झालेला, पण गोपिकाबाई रस्त्यानं चालल्या तरी नवऱ्याच्या चार पावलं मागून.

माझ्या आधी दोन भावंडं झाली, दोन्ही वाया गेली. पहिल्यात बाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. कचेरीतल्या बाबूनं तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "मनोहरराव, तुमच्या बाजूले हे गाठोडं कोणाचं ठेवलं गा?" दुसऱ्या वेळी बाई ऐन मोक्यावर नवऱ्याच्या सदऱ्याची गुंडी लावायला वळल्या. फोटोत नुसता अंबाडा आला.

तिसऱ्यांदा आले तेव्हा रिटायर व्हायला चार दिवस उरले होते. बाई नीट बसल्या. मग सहज विचारलं, "हा फोटो कोणाच्या कामी येते?"

"तुह्याच. मी गेल्यावर पेन्शन तुले भेटीन. बाबू चेहरा पाहीन अन् पैसे देईन."

बाई ताडकन उठल्या. "तुम्ही मरान म्हणून मी इथं नटून बसून राहिली काय?"

"बस वं. कागद अडले तर जितेपणीच उपाशी मरू."

"मग हात वर करून बोला, सत्तरच्या आधी जाणार नाही. गेले तर त्या पैशाले मी शिवणार नाही. फोटोवाले भाऊ, तुम्ही साक्षीदार."

"मले माही बदली थांबवता आली नाही, मरण कसं थांबवू?"

"ते तुमचं तुम्ही पाहा."

मनोहररावांनी हात वर केला. बाईंनी बोट रोखलं. फोटोवाल्याला दोन्ही चेहरे एकदाचे उघडे दिसले, त्यानं बटण दाबलं. तो मी.

"हात काहून वर आहे?" कचेरीत मला पाहून बाबूनं विचारलं.

"शपथ घेतली."

"पेन्शनीले शपथ लागत नाही गा."

"तुमच्या इथं नाही लागत."

चेहरे स्वच्छ होते. बाबूनं डिंक लावला.

तेव्हापासून मी, पेन्शन जिथून मिळते त्या ट्रेझरीच्या कपाटात आहे. पेन्शन वाढली की फाईल उघडते, बाबूलोक मला पाहून हसतात, पुन्हा दोरी बांधतात. यंदा, सत्त्याऐंशीत, परत वाढली. मनोहररावांची एकोणसत्तर पुरी झालेली. या खेपेला बाईही सोबत आल्या.

"काकू, फॅमिली पेन्शन म्हणजे तुमचीबी वाढली बरं," बाबू खूश होऊन म्हणाला.

"माही जुनीच राहू द्या. मले घाई नाही." मग नवऱ्याकडे वळून, "अन् तुम्ही ऐका. तवा मी सत्तर कमीच सांगितले. आता ऐंशी धरा."

"त्याचा अर्ज कोणाकडे देऊ?" मनोहरराव म्हणाले.

प्रत्येक वस्तूला वाटतं, आपण कुणाच्या तरी कामी यावं. मला नाही वाटत. ज्या दिवशी माझं काम पडेल, त्या दिवशी या बाईंच्या कपाळी कुंकू नसेल. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती, त्या ट्रेझरीत कधी गेलात तर माझ्या फायलीवर दुसऱ्या चार फायली ठेवून द्या.